तिखटाच्या पैजा थांबवायला हव्यात

महोदय,

शाळा-क्लासच्या बाहेर अतितिखट चिप्स आणि नूडल्स खाण्याच्या पैजा लागताना दिसतात. एकाच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहतंय आणि बाकीचे मोबाइलवर चित्रण करताहेत, हे पाहून जीव घाबरा होतो.

मिरची आपल्याला नवी नाही. पण लसूण-शेंगदाण्याबरोबर कुटलेला, भाकरीच्या घासाला लावून खाल्लेला ठेचा वेगळा आणि उपाशीपोटी गिळलेली जहाल मिरचीची पूड वेगळी. तिच्यातलं कॅप्सेसिन, म्हणजे मिरचीला तिखटपणा देणारं रसायन, एकदम जास्त पोटात गेलं की पेटके येतात, उलट्या होतात. क्वचित हृदयावरही ताण येतो. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये अशी एकच चिप खाल्ल्यानंतर १४ वर्षांचा मुलगा दगावला. त्याला जन्मजात हृदयदोष होता, हे शवविच्छेदनात समोर आलं. आपल्या मुलांपैकी कुणाला असा दोष आहे, हे पैज लावणाऱ्याला कसं कळणार? ती चिप कंपनीने बाजारातून काढून घेतली. पुढच्याच वर्षी डेन्मार्कने अतितिखट कोरियन नूडल्सचे तीन प्रकार परत मागवले.

आपल्याकडेही अशा पाकिटांवर मराठीत ठळक इशारा हवा आणि शाळांच्या आवारात त्यांची विक्री बंद व्हावी. पालकांनी एवढं ध्यानात ठेवावं: कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे तोंडाची आग झाल्यास दूध किंवा दही द्यावं. छातीत दुखलं किंवा श्वास लागला, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट दवाखाना गाठावा.

– एक पालक, कोल्हापूर