तो मोठा कंपास पाठवत नाहीये

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

परवा फ्लाइंग स्कूलमधून फोनवर तू म्हणालीस, "बाबा, कपाटातला तो मोठा काळा कंपास पाठवा, होस्टेलच्या टेबलावर ठेवते." मी नुसतं "बघू" म्हणालो. तो पाठवत नाहीये. कारण नीट सांगायचंय, म्हणून लिहायला बसलो.

तो विमानातला दिशा दाखवणारा कंपास आहे, पी-8 जातीचा. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर आणि हरिकेनमध्ये हेच कंपास असायचे, पॅनेलच्या खाली, वैमानिकाच्या गुडघ्यांच्या मधोमध. वरची कडी फिरते आणि तिला समांतर तारा आहेत, हे तू लहानपणी शंभरदा फिरवून पाहिलंयस. कडीवर हवी ती दिशा लावायची, कडी घट्ट करायची आणि खालची सुई तारांना समांतर येईपर्यंत विमान वळवायचं. मग आकडा वाचायची गरजच नाही, तारा आणि सुई जुळल्या की झालं. गोळ्या चुकवत उडणाऱ्या माणसाला आकडे वाचायला सवड कुठली? ज्याने हे डोक्यातून काढलं त्याला मी मनातल्या मनात अनेकदा नमस्कार केलाय.

पण त्याच्या खुणांवर जो पिवळट रंग आहे, तो किरणोत्सारी रेडियमचा. आता तो अंधारात चमकत नाही आणि तिथेच माणूस फसतो. झिजलंय ते चमकणारं झिंक सल्फाइड. रेडियम निम्मं व्हायलाच 1600 वर्षं लागतात, म्हणजे ते जवळजवळ होतं तेवढंच आहे. काच बंद आहे तोवर त्याला कपाटात राहू दे. पण होस्टेलवर कुणी हौसेने उघडला, रंगाची पूड उडाली आणि श्वासात गेली, तर ते मला चालणार नाही. आत हवेचा बुडबुडा आलाय, तो काढायचा मोह मला स्वतःला कितीदा झाला. तरी मी त्याला हात लावलेला नाही.

त्याच्या बदल्यात धाकटा पाठवतोय. भंगारात निघालेल्या एका ट्रेनर विमानातला, काचेमागे बसवायचा, मुठीत मावेल एवढा. याच्यावर रेडियम नाही. सोबत माझ्या अक्षरातलं करेक्शन कार्डही आहे, म्हणजे कुठल्या दिशेला कंपास किती चुकतो त्याची नोंद. ते हरवू नकोस, कंपासपेक्षा ते जपून ठेव.

कार्ड कसं तयार होतं ते तू पुस्तकात वाचलं असशीलच, मी केलेलं सांगतो. विमान हँगरपासून, तारांपासून, लोखंडापासून लांब मोकळ्या जागेत न्यायचं. इंजिन चालू, रेडिओ चालू, दिवे चालू, कारण उडताना ते सगळं चालूच असणार. मी मागे तिवईवर दुसरा कंपास लावून विमानाची खरी चुंबकीय दिशा बघायचो. विमानात बसलेला हाताखालचा मुलगा ओरडून तिथल्या कंपासचा आकडा सांगायचा. मग विमान 30 अंश वळवायचं, पुन्हा तेच. असा पूर्ण फेरा. त्याला आम्ही स्विंग म्हणायचो. स्क्रू पिळून जेवढी चूक काढता येते तेवढी काढायची आणि उरेल ती कार्डावर लिहायची. एकदा भर उन्हात अख्खा स्विंग झाल्यावर एका बाजूला चार अंशांचा फरक का येतोय ते समजेना. शेवटी कळलं, आतल्या मुलाकडे पितळी स्क्रूड्रायव्हर होता, पण खिशात पोलादी पाना राहिला होता. सगळं पहिल्यापासून केलं.

चौथीच्या सुट्टीत तुला अलिबागची चुंबकीय वेधशाळा बाहेरून दाखवली होती, आठवतं? कुलाब्याच्या वेधशाळेचं हे काम 1904 मध्ये तिकडे गेलं, कारण मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या आणि त्यांनी चुंबकाची मापं बिघडली असती. तिथल्या इमारतीत लोखंडच वापरलं नाही. तू विचारलं होतंस, मग खिडकीला गज कसले?

आता दुसरी गोष्ट. 1985 मध्ये मी चोवीस वर्षांचा होतो, विमानाची उपकरणं दुरुस्त करणाऱ्या इन्स्ट्रुमेंट शॉपमध्ये नवा. तेव्हा बातमी आली की कलकत्ता ते सिलचर प्रवासी विमान फक्त बायकांनी नेलं, फोकर एफ-27. कॅप्टन सौदामिनी देशमुख, शेजारी निवेदिता भसीन. आडनाव मराठी, म्हणून मी कात्रण काढून टेबलाच्या काचेखाली ठेवलं. आमच्यातले एक ज्येष्ठ म्हणाले, "बायकांना डावं-उजवं कळत नाही, दिशा काय कळणार." सगळे हसले. मीही हसलो. मुक्ता, त्याचं मला आजही वाईट वाटतं. आम्ही सगळे मोजमाप करणारी माणसं. अर्ध्या अंशासाठी उन्हात तासभर उभे राहायचो. आणि त्यांच्याबद्दल कुणीच काही मोजून बोललं नव्हतं.

त्यांच्याही आधी वैमानिक प्रेम माथुर होत्या. त्यांना 1947 मध्ये परवाना मिळाला, आठ विमान कंपन्यांनी नाही म्हटलं, मग हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने घेतलं. सौदामिनीताई पुढे बोइंग 737 च्या कॅप्टन झाल्या, मुंबई-गोवा विमान फक्त बायकांनी नेलं तेव्हाही कॅप्टन त्याच. नंतर एअरबस ए-320. एफ-27 मध्ये समोर नुसत्या तबकड्या, ए-320 मध्ये पडदे. अख्खी कॉकपिट बदलली, पण काचेच्या मधल्या खांबापाशी तो छोटा कंपास ए-320 मध्येही आहे. त्याला वीज लागत नाही. सगळे पडदे काळे पडले तरी तो चालतो.

तू एकटीने पहिलं सर्किट, म्हणजे विमानतळाभोवतीचा फेरा, मारशील तेव्हा तुझ्या विमानातल्या अशा कंपासकडे एकदा नजर टाक. उत्तरेकडे वळताना तो मागे रेंगाळतो, तेव्हा आकडा यायच्या आधी पंख सरळ कर. दक्षिणेकडे वळताना पुढे पळतो, तेव्हा थोडं पुढे जाऊन सरळ कर. हे तुला परीक्षेपुरतं पाठ असेल, हातालाही होऊ दे.

कंपास मोबाइलशेजारी ठेवू नकोस, मोबाइलच्या स्पीकरमध्ये चुंबक असतं. आईने चिवडा पत्र्याच्या डब्यात भरलाय, म्हणून त्याचं पार्सल वेगळं येईल, बहुधा शनिवारी.

तुझा,
बाबा