पन्नास-पन्नास टक्क्यांची घाई नको

महोदय,

शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या असोत, चपलेचा धंदा असो की गुळाचा. माल कसा बनतो हे कोल्हापूरच्या पोरांना घरातूनच ठाऊक असते. घोडे अडते ते सॉफ्टवेअरपाशी. मग लिंक्डइनवर किंवा वाय कॉम्बिनेटर या स्टार्टअपना पैसे देणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या को-फाउंडर (सहसंस्थापक) जुळवणीत जाहिरात पडते: 'टेक्निकल को-फाउंडर हवा, आयडिया एनडीए (गोपनीयतेचा करार) झाल्यावर सांगू.' कामाचा माणूस याला उत्तर देत नाही. 'पंधरा फाउंड्रीमालकांशी बोललो. हीट नंबरप्रमाणे (धातू वितळवण्याच्या खेपेचा क्रमांक) ब्लो-होलचे (ओतकामातल्या हवेच्या पोकळीचे) रिजेक्शन अजून वहीत लिहितात. तिघे चाचणीला तयार. आठ महिन्यांचे पैसे हाताशी, नोकरी सोडली आहे,' असे लिहिता येत नसेल, तर आधी ते पंधरा जण गाठावेत.

माणूस पसंत पडला की सहा आठवडे एकच छोटे काम एकत्र करावे. त्याआधी कोड कोणाचा, हे एका पानावर उतरवावे. कॉपीराइट कायदा, 1957 नुसार कोड लिहिणाऱ्याचाच. तो नोकरीत असेल तर मालकाचा. को-फाउंडर नोकर नसतो, त्यामुळे लेखी हस्तांतर लागते. त्यात मुदत लिहिली नाही तर ती 5 वर्षे धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. नेटवरून उतरवलेल्या नमुन्यात हीच दोन वाक्ये राहतात.

खरी गडबड हिश्शात होते. ओळख तीन आठवड्यांची, पण 10,000 शेअरपैकी पाच-पाच हजार वाटून मोकळे! पाचव्या महिन्यात एकाला पुण्यात नोकरी लागते; माणूस जातो, शेअर त्याच्याकडेच राहतात. साध्या ठरावाला निम्म्याहून जास्त मते लागतात, विशेष ठरावाला तीन चतुर्थांश. दोन्ही अडतात, आणि अशा कंपनीत गुंतवणूकदार कशाला पैसे घालेल?

यावर व्हेस्टिंग, म्हणजे जितके काम केले तितकेच शेअर हळूहळू पक्के होणे, हाच इलाज. मुदत 4 वर्षे, पहिले वर्ष पूर्ण होईपर्यंत काहीच पक्के नाही. 4,000 शेअरवाला दहाव्या महिन्यात गेला तर शून्य, दीड वर्षाने गेला तर 48 पैकी 18 महिन्यांचे 1,500. उरलेले दर्शनी किमतीला दुसऱ्या संस्थापकाकडे. ही अट करारात लिहून भागत नाही, कंपनीच्या आर्टिकल्समध्येही (अंतर्गत नियमावलीत) हवी. नाहीतर ती कंपनीला बांधत नाही.

कंपनी न काढता 'सध्या पार्टनर म्हणू' हेही महाग पडते. 1932 च्या भागीदारी कायद्यात तोंडी भागीदारीही चालते. काही ठरले नसेल तर नफा समान, आणि फर्मच्या देण्याला प्रत्येक जण पूर्णपणे जबाबदार. एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) काढली तर करारनामा 30 दिवसांत दाखल करावा लागतो.

समोरचा आधी कुठे डायरेक्टर होता का, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर दिसते. ज्या कंपनीने सलग तीन वर्षे वार्षिक विवरणे भरली नाहीत, तिचा डायरेक्टर पाच वर्षे अपात्र ठरतो. ई-कोर्ट्स या खटल्यांच्या सरकारी साइटवरही नाव टाकून पाहावे. यात संकोच कसला?

डोमेन, प्ले स्टोअर आणि सर्व्हरची खाती पहिल्या दिवसापासून कंपनीच्या ईमेलवर उघडावीत. जीएसटीचा ओटीपी निघून गेलेल्याच्या मोबाइलवर येत असेल, तर विसरलेला पासवर्ड बदलायलाही त्यालाच फोन करावा लागतो.

— एक करसल्लागार, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर