ज्युलिएटनं नवऱ्याला हाक का मारली नाही?

वसई,
१९ डिसेंबर

प्रिय मेघा,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. 'लव्ह अ‍ॅक्च्युअली' हा नाताळचा इंग्रजी सिनेमा बघता बघता तुझ्या लेकीनं, इरानं, "तिनं आत वळून नवऱ्याला हाक का नाही मारली?" असं विचारावं आणि तुझी बोलती बंद व्हावी, याची मला मजा वाटली. वर तू म्हणतेस, "तूच लिही तिला, तुला असल्या भानगडी रोज बघायची सवय आहे." समुपदेशनाला येणाऱ्या जोडप्यांना भानगडी म्हणायचं नसतं बाई. पण लिहिते. पत्र लांबणार आहे, चहा घेऊन बस.

आधी तो प्रसंग पुन्हा नीट आठव. नाताळची आदली रात्र. ज्युलिएट दार उघडते. बाहेर मार्क, तिच्या नवऱ्याचा जिवलग मित्र. हातात मोठमोठ्या पाट्यांचा गठ्ठा, सोबत टेपरेकॉर्डर. आतून पीटर ओरडतो, कोण आलंय? तेव्हा मार्क पाटी दाखवतो: कॅरल, म्हणजे नाताळची गाणी, गाणारे आलेत असं सांग. ती तसं सांगते. पीटर आतूनच म्हणतो, एक पौंड दे आणि कटव त्यांना. मग 'सायलेंट नाइट' सुरू होतं, एकेक पाटी मागे पडत जाते, आणि त्यातली एक पाटी म्हणते की नाताळला माणूस खरं बोलतो.

अगं, खरं बोलायचा मुहूर्त गाठून आलेल्या माणसानं दारात पहिलं काम काय केलं, तर तिला नवऱ्याशी खोटं बोलायला लावलं! इतक्या वेळा आपण हा सिनेमा बघितला, पण त्या दोन पाट्या शेजारी ठेवून कुणी बघत नाही. उलट त्यांच्या नकला होतात. ब्रिटनचा तेव्हाचा पंतप्रधान बोरिस जॉन्सन यानं तर २०१९ च्या निवडणुकीत तशाच पाट्या धरून ब्रेक्झिटचा प्रचार केला होता.

तर इराला सांग, हाक मारायची वेळ त्या एका वाक्यात निघून गेली. "कॅरल गाणारे आहेत" हे एकदा तोंडातून गेलं की मग हाक मारायची म्हणजे आपण खोटं का बोललो तेही सांगायचं. माझ्यासमोर येणाऱ्या कितीतरी गोष्टी "घरी काही बोलू नकोस हं" इथूनच सुरू झालेल्या असतात. सांगणारा फार वाईट असतो असं नाही. पण ऐकणारीला त्यानं विचार करायला वेळ न देता आपल्या बाजूला ओढून घेतलेलं असतं.

त्याआधीचं लग्नाच्या व्हिडिओचं प्रकरण तर मला पाट्यांपेक्षाही खटकतं. लग्नाचं अधिकृत चित्रीकरण बिघडलं म्हणून ती बिचारी गोड काहीतरी घेऊन मार्कच्या घरी येते, तुझी टेप दे म्हणते. टेप लावते. नवरा नाही, वऱ्हाड नाही, नुसता तिचा चेहरा, जवळून, अजून जवळून. आपल्याकडे हिरो नायिकेच्या मागे मागे फिरतो, तिचे फोटो जमवतो, तेव्हा आपण त्याला छेडछाड म्हणायला शिकलो. लंडनमध्ये गोऱ्या माणसानं स्वेटर घालून तेच केलं की मूक प्रेम! आणि ज्युलिएट झालेली केइरा नाइटली चित्रीकरणाच्या वेळी सतरा वर्षांची होती. तुझ्या इरापेक्षा फार तर वर्षभरानं मोठी. हे कळल्यापासून ती शेवटी धावत जाऊन मार्कला ओठांवर बक्षीस देऊन येते, ते मला बघवत नाही.

आमच्या वसईत हे जमलंच नसतं, ते वेगळं. चर्चमधल्या मध्यरात्रीच्या मिस्साहून परतणारी अर्धी गल्ली तिथं गोळा झाली असती, पाट्या मोठ्यानं वाचल्या गेल्या असत्या आणि पीटरला सगळ्यात आधी कळलं असतं.

सिनेमाचा लेखक-दिग्दर्शक रिचर्ड कर्टिसला स्वतःलाही आता हे जाणवतं. सिनेमाला वीस वर्षं झाली तेव्हा, २०२३ मध्ये, पाट्यांचा प्रसंग जरा विचित्रच आहे असं तो मुलाखतीत म्हणाला. त्याच वर्षी चेल्टनहॅमच्या साहित्य महोत्सवात त्याच्या मुलीनंच त्याची मुलाखत घेतली, आणि नायिकांच्या जाडेपणावरचे विनोद आता हसू आणत नाहीत हे त्यानं कबूल केलं. म्हणजे तिथंही मुलीनंच विचारलं.

पण जाडेपणाचे विनोद ही वरवरची गोष्ट झाली. मला खटकतो तो नाताळचा उपयोग. या सिनेमांत नाताळ म्हणजे सरसकट माफी. चोवीस तारखेच्या रात्रीपर्यंत जो दारात येऊन उभा राहील त्याचं मागचं सगळं माफ, आणि जिच्या दारात तो उभा आहे तिला विचार करायला सव्वीस तारीख मिळतच नाही. पंतप्रधानांच्या घरी काम करणाऱ्या नॅटलीचं बघ. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष तिच्याशी लगट करतो, पंतप्रधान झालेला ह्यू ग्रांट ते डोळ्यांनी बघतो. पत्रकार परिषदेत देशाच्या स्वाभिमानावर दणदणीत भाषण ठोकतो, आपण टाळ्या वाजवतो. आणि नंतर? तिला एक शब्द न विचारता तिची बदली! बरं, माफी कोण मागतं? नॅटली. शुभेच्छापत्रात. आणि पुढे लिहिते की नाताळला मनातलं नाही बोलायचं तर कधी बोलायचं. झालं, साहेब गाडी काढून तिच्या रस्त्यावरची दारं ठोठावायला निघतात. त्या बदलीचा विषय पुन्हा कुणी काढत नाही.

आणखी एक गंमत बघ. त्या एका सिनेमात साहेब आणि हाताखालची बाई अशा तीन जोड्या आहेत. पंतप्रधान आणि नॅटली. लेखक जेमी आणि त्याच्याकडे घरकाम करणारी पोर्तुगीज ऑरेलिया. हॅरी आणि त्याच्या ऑफिसातली मिया. तिसरीला सिनेमा पाप ठरवतो, कारण हॅरीला बायको आहे. पहिल्या दोन मात्र थेट स्वर्गातून बांधून आलेल्या गाठी. पगार कोण देतं, नाही म्हटलं तर उद्या काम राहील का, हे प्रश्न लग्न झालेल्या साहेबापुरतेच असतात की काय?

जेमी-ऑरेलियाच्या जोडीवर तुझा जीव आहे, ठाऊक आहे मला. दिसायला गोडच आहे ते. तळ्यात उडालेले कागद, तिनं मारलेली उडी, त्यानं वर्गाला जाऊन शिकलेली मोडकी पोर्तुगीज. पण त्या दोघांचं सिनेमाभर एकही संभाषण झालेलं नाही गं! तो एक बोलतो, ती दुसरंच काहीतरी बोलते, आणि दोघं मनातल्या मनात एकच बोलत होते असं आपण समजून घ्यायचं. मग तो मार्सेयला जातो. आधी बापाकडे, मग बाप, बहीण आणि वाटेत जमलेली सगळी वरात घेऊन ती काम करते त्या हॉटेलात. सगळी गिऱ्हाइकं घास तोंडात धरून बघतायत, मालक बघतोय, आणि हा लग्नाचं विचारतो. ती हो म्हणते, चांगलंच आहे. पण समजा तिला "मला आठवडाभर विचार करू दे" म्हणायचं असतं, तर कुठे म्हणायला जागा होती?

त्या सिनेमात मला खरं वाटतं ते एकच घर, हॅरीच्या बायकोचं, म्हणजे एमा थॉम्पसनचं. कोटाच्या खिशात तिला हार सापडलेला असतो. तो आपल्यासाठीच असणार असं धरून ती भेटीचं पुडकं उघडते आणि आत निघते गायिका जोनी मिचेलची सीडी. ती हसते, काहीतरी कारण सांगून बेडरूममध्ये जाते. रडते. आणि रडता रडता पलंगावरची चादर सारखी करते, हातानं सुरकुत्या काढते, डोळे पुसते आणि मुलांना शाळेच्या कार्यक्रमाला न्यायला बाहेर येते. तिला नाताळनं कुठलीही सूट दिली नाही. उलट नाताळ आहे म्हणून तिला रडणं आवरतं घ्यावं लागलं. आणि हॅरीला ती नंतर सुनावते ना, की माझं आयुष्यच तू हास्यास्पद करून ठेवलंस, तेव्हा तो सिनेमा दोन मिनिटांपुरता शहाण्या माणसांचा होतो.

तू म्हणशील, मग सगळेच टाकाऊ का? नाही. १९९५ चा 'व्हाइल यू वेअर स्लीपिंग' मी अजूनही लागला की बघते. त्यात तर खोटं केवढं! शिकागोच्या लोकलच्या स्टेशनवर टोकन घेणारी सँड्रा बुलक, रुळांवर पडलेल्या अनोळखी माणसाला वाचवते, नर्सच्या गैरसमजानं त्याची होणारी बायको ठरते आणि गप्प राहते. तो शुद्धीवर येतो, तिला ओळखत नाही, तर घरचे त्यालाच सांगतात की तुझी स्मृती गेलीये! भयंकर आहे खरं तर. पण तिथं फरक असा की ती लग्न लागायच्या घटकेला, पाद्री समोर असताना, सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडानं सांगते. परिणाम भोगून परत टोकनच्या खिडकीत जाऊन बसते. पुढचं जे मिळतं ते खोटं संपल्यावर मिळतं. आणि ती खोटं का बोलली हेही सिनेमाला ठाऊक आहे: नाताळच्या दिवशीही कामावर असणाऱ्या एकट्या मुलीला ते भरलेलं घर हवं होतं.

तुमच्या कॅनडातल्या लँग्लीकडे भर उन्हाळ्यात खोटा बर्फ पसरून हॉलमार्क या अमेरिकी वाहिनीवाले जे सिनेमे काढतात, त्यांच्याबद्दल फार लिहीत नाही. त्यात शहरातला होणारा नवरा नेहमी फोनवर असतो, एवढाच त्याचा गुन्हा. गावातला नाताळवृक्ष विकणारा पोरगा दाढी वाढवून लाकडं फोडतो, एवढीच त्याची पात्रता. आठवड्याभरात बाई नोकरी सोडते. मला त्या फोनवरच्या नवऱ्याची फार दया येते. त्याला कुणी समजावूनही सांगत नाही.

'द हॉलिडे' मात्र इराला जरूर दाखव, केट विन्सलेटच्या भागासाठी. जॅस्पर तिला सोडत नाही आणि धरतही नाही, साखरपुडा दुसरीशी आणि लिखाण तपासायला ही. तिनं शोधून आणलेलं पुस्तक घेतो, आणि हिच्यासाठीची भेट म्हणे कुठंतरी राहिली. असले जॅस्पर इराला कॉलेजात भेटणारच आहेत. ती त्याला दाराबाहेर काढते तेव्हा बाहेर बर्फही नसतो आणि कॅरलही नसतात. चक्क लॉस एंजेलिसचं ऊन असतं.

राहता राहिला २०२० चा 'हॅपिएस्ट सीझन', ज्यावरून आपलं फोनवर अर्धवट भांडण झालं. हार्पर आणि अ‍ॅबी या दोन मुलींची जोडी म्हणून तुला त्याला झुकतं माप द्यावंसं वाटतं, आणि हार्परची भीती खोटी आहे असं मीही म्हणत नाही. घरी सांगायला तिनं हवा तेवढा वेळ घ्यावा. पण अ‍ॅबीला नाताळला घरी चल म्हणून स्वतः बोलवायचं, आणि अर्ध्या रस्त्यात, गाडीत, सांगायचं की आईबाबांना अजून काहीच माहीत नाही, तू आपली माझी रूममेट हो! मग पाच दिवस तिला एकटं टाकून जुन्या मित्राबरोबर फिरायचं. शाळेत असताना आपल्या प्रेयसीचं, रायलीचं, गुपित हिनंच फोडलेलं, स्वतःला वाचवायला. म्हणजे सवय जुनी आहे. आणि एवढं होऊनही शेवटी वर्षभरात साखरपुडा! अ‍ॅबी आणि रायली बारमध्ये बसून बोलतात तेवढ्या वेळात दोघी एकमेकींचं जितकं ऐकतात, तितकं हार्परनं सिनेमाभर ऐकलेलं नाही.

तू हार्परची बाजू घेणार, तुला पहिल्यापासून रडणाऱ्या माणसांचा पुळका. घे. पण मला आधी त्या गाडीतल्या प्रसंगाचं काय ते सांग, आणि "ती घाबरली होती" हे उत्तर सोडून सांग.

इराला पापा, भावोजींना नमस्कार.

तुझी,
वैशू