नऊ वह्या परत करा : वनमंत्र्यांना सोलापूरहून खुले पत्र

प्रति,
माननीय वनमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून ओळख थोडक्यात देते. मी सोलापूरची. बत्तीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाले. आजवर कुठल्याही मंत्र्याला पत्र लिहिलेलं नाही. गेल्या मंगळवारी एक अहवाल माझ्या फोनवर आला, म्हणून आज लिहायला बसले आहे.

आपल्या भागातल्या कोरड्या जंगलांची वाढ संगणकावर मांडून दाखवणारं मॉडेल एका सल्लागार संस्थेने केलं आहे, त्याचा हा अहवाल. कुठे किती झाडं लावायची, ती पुढच्या तीस वर्षांत किती कार्बन धरून ठेवतील, हे आता त्यावरून ठरणार आहे. त्याच्या एका पानावर चौकट आहे : 'क्षेत्रीय पडताळणी : पूर्ण'. खाली आमच्या माळाचं नाव. ते वाचून मी लगेच संबंधित कार्यालयात फोन केला आणि माझ्या वह्या मागितल्या. सातव्यांदा मागितल्या. पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, ऑफिस शिफ्ट झालं ना, तेव्हा रद्दीत गेल्या असतील."

त्या कार्यालयाचं नाव मी इथे लिहीत नाही. ज्यांनी हे केलं त्यांना ते माहीत आहे.

वह्या कसल्या, ते सांगते. शहरापासून पंचवीस किलोमीटरवर एका टेकाडाच्या उतारावर मी आणि माझ्या यजमानांनी 2006 साली एक हेक्टर जागा दोरी लावून आखली. शंभर मीटर लांब, शंभर मीटर रुंद. त्यातलं दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त गोलाईचं प्रत्येक झाड मोजलं. 412 झाडं भरली. हिवर, बाभूळ, कडुनिंब, खैर, बोर, पळस, थोडा धावडा. ह्यांनी थंड पेयांच्या डब्यांचा पत्रा कापून चकत्या केल्या, खिळ्याने त्यांवर नंबर ठोकले आणि तारेने झाडांना बांधल्या. मग दर वर्षी दसऱ्यानंतरच्या आठवड्यात, जमिनीपासून 1.37 मीटरवर, छातीच्या उंचीला, त्याच खुणेवर टेप लावायचा. मी आकडा सांगायची, हे लिहायचे. 2006 ते 2023, अठरा मोजण्या, नऊ वह्या. 2020 साली करोनात तोंडाला रुमाल बांधून गेलो. 2021 च्या एप्रिलमध्ये हे गेले. त्या ऑक्टोबरात मी एका जुन्या विद्यार्थ्याला घेऊन गेले, आणि त्या वर्षापासून वहीतलं अक्षर बदललं. पहिल्या पंधरा वर्षांचं अक्षर ह्यांचं आहे. तुमच्या माणसांनी रद्दीत काय घातलं हे आपल्याला कळावं, म्हणून एवढं सांगितलं.

2024 च्या जानेवारीत, गड्ड्याची यात्रा चालू असताना, त्याच कार्यालयाकडून दोन माणसं घरी आली. चहा घेतला, वह्या चाळल्या, "बाई, असा डेटा महाराष्ट्रात फार कुणाकडे नाही" म्हणाले. दोन महिन्यांत स्कॅन करून परत देतो म्हणाले. मॉडेलचे आकडे आणि माझे आकडे शेजारी शेजारी छापू, जिथे जुळत नाहीत तिथे तसं लिहू, असा शब्द दिला. मी पोचपावती मागितली, तेव्हा एका कोऱ्या कागदावर सही करून दिली. तो कागद माझ्याकडे आहे. वह्या नाहीत.

आता मॉडेलकडे येते. आपल्याला हे कुणी नीट समजावून सांगितलं असेल असं मला वाटत नाही. जंगलाचं मॉडेल म्हणजे संगणकात एकेक झाड जन्माला घालायचं, त्याला ऊन, पाणी, जागा वाटून द्यायची, त्या वर्षी त्याची गोलाई किती वाढेल आणि ते जगेल की मरेल हे सूत्रांनी ठरवायचं, आणि असं वर्षामागून वर्ष पुढे पळवायचं. 1972 साली अमेरिकेत न्यू हॅम्पशरच्या जंगलासाठी असं मॉडेल झालं, आणि पुढे उष्ण प्रदेशातल्या जंगलांसाठी कितीतरी झाली. (त्या 1972 साली मी अकरा वर्षांची होते. वडील खडी फोडायला जायचे आणि आम्ही सुकडी खायचो. दुष्काळ म्हणजे काय ते मला संगणकाने शिकवायची गरज नाही.) मी मॉडेलच्या विरोधात नाही, हे ठळक लिहून ठेवते. शंभर वर्षांनी जंगलाचं काय होईल हे टेप लावून कळत नाही, त्याला मॉडेलच लागतं. पण त्याचं बरोबर आहे की चूक, हे ठरवायला जमिनीवरचं झाडच लागतं.

आणि जगात ते तसं ठरवतात. पनामात बारो कोलोरॅडो नावाच्या बेटावर 1980 च्या सुमाराला 50 हेक्टर जंगल आखलं गेलं आणि एक सेंटिमीटर जाडीच्या काडीपासून प्रत्येक खोड मोजलं गेलं. दोन लाखांहून जास्त खोडं. 1985 पासून दर पाच वर्षांनी ती पुन्हा मोजतात. आपल्या देशात तमिळनाडूतल्या मुदुमलाईला बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने 1988 मध्ये तसेच 50 हेक्टर आखले. तिथे हत्ती झाडं मोडतात, वणवे लागतात, आणि त्या सगळ्याची नोंद होते. एवढी मोठी जागा आणि एवढी वर्षं का लागतात? कारण झाडाचं मरण विरळ असतं. उष्ण प्रदेशातल्या धड जंगलात वर्षाला शंभरातलं एखाद-दुसरं झाड मरतं. पाच-पन्नास झाडं दोन वर्षं बघून कोणतं मरेल आणि का, हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून मॉडेल सगळ्यात जास्त चुकतं ते मरणाच्या हिशोबात. वाढीचा अंदाज जास्त धरला आणि मरणाचाही जास्त धरला, की लाकडाची बेरीज बरोबर येते, आणि आत दोन्ही चुकलेलं असतं. म्हणून नुसती बेरीज जुळली की पडताळणी झाली, असं म्हणता येत नाही.

ब्राझीलमध्ये काशिउआना इथे 2002 साली शास्त्रज्ञांनी काय केलं, तेही ऐका. एक हेक्टर जंगलाच्या खाली प्लॅस्टिकचे पत्रे टाकून निम्मा पाऊस बाहेर वळवला. मुद्दाम दुष्काळ पाडला. हळूहळू मोठी मोठी झाडं मेली. मग तिथल्या आणि ब्राझीलमधल्याच तशाच दुसऱ्या एका प्रयोगाच्या आकड्यांवर पाच मॉडेलं तपासली, आणि 2013 साली निकाल छापला : नेहमीच्या पावसात मॉडेलं ठीक चालली, पण दुष्काळातली पडझड त्यांना नीट दाखवता आली नाही. चूक सापडली, ती छापली, आणि झाड तहानेने नेमकं कसं मरतं याचा अभ्यास पुढे गेला. मॉडेल करणाऱ्यांचा त्यात काही अपमान झाला नाही.

ब्राझीलच्या जंगलात दुष्काळासाठी पत्रे टाकावे लागले. सोलापूरला तो फुकट मिळतो. 2012, 2015, 2018. उजनी धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे त्यातला वापरायचा साठा संपला, की आमच्या नळाला पाणी कधी येणार याची चर्चा सुरू होते, आणि त्याच वेळी माळावर हिवर वाळत असतो. माझ्या 412 झाडांपैकी 2023 पर्यंत 131 मेली. त्यातली 97 त्या तीन दुष्काळांत. 21 तोडली. उरलेली 13 वणव्याने आणि वाळवीने. प्रत्येकापुढे ह्यांनी एका शब्दात कारण लिहिलं होतं : 'वाळलं', 'तोडलं', 'जळलं'. दुष्काळात झाडं नुसती मरतही नाहीत, ती आकसतात. खोडातलं पाणी कमी झालं की गोलाई घटते. 137 नंबरचा हिवर 2011 ला 84.5 सेंटिमीटर होता, 2012 ला 83.9. मी तीनदा टेप लावला. ह्यांनी वहीत लिहिलं : 'तीनदा मोजलं, बरोबर आहे.' त्या पानाचा फोटो माझ्या मोबाईलमध्ये आहे, म्हणून आकडा सांगू शकते. बाकी बहुतेक पानांचे फोटोसुद्धा नाहीत.

आता अहवालाच्या परिशिष्टात काय आहे ते बघा, मंत्रीमहोदय. पडताळणीसाठी वापरलेली झाडं : 203. मी 412 दिली होती. बाकीची कुठे गेली हे शोधायला मला दोन रात्री लागल्या. मेलेली 131 'नोंद अपूर्ण' म्हणून काढून टाकली. ज्यांच्या नोंदीत कुठेही वाढीचा आकडा उणे आला ती 78 'मोजणीतील त्रुटी' म्हणून काढून टाकली. 131 आणि 78 म्हणजे 209. 412 मधून 209 गेले की उरतात 203. म्हणजे जी झाडं मेली नाहीत आणि कधी आकसली नाहीत, तेवढीच ठेवली, आणि मग मॉडेल त्यांच्याशी 'उत्तम जुळते' असं छापलं. जुळणारच! दुष्काळ वहीतून खोडून टाकला की दुष्काळात मॉडेल टिकतं का, हा प्रश्नच उरत नाही.

मी शिक्षिका आहे, मला हा प्रकार चांगला ओळखीचा आहे. कच्च्या मुलांना 17 नंबरचा फॉर्म भरायला लावून बाहेरून बसवायचं आणि शाळेच्या फाटकावर शंभर टक्के निकालाचा फलक लावायचा. त्या मुलांची तोंडं मी पाहिली आहेत. तेव्हाही मी भांडले होते आणि त्यापायी दोन वर्षं वरिष्ठ वेतनश्रेणीचा कागद टेबलाखाली दाबून ठेवला गेला होता. म्हणून आता मला भीती वाटत नाही.

माझं काय गेलं, हे विचारलंत तर सांगते. दर वर्षी चार दिवस, अठरा वर्षं, बहात्तर दिवस. पेट्रोल, टेप, तार, सगळं आमच्याच खिशातून. डाव्या गुडघ्यात आता पाणी होतं. 2014 मध्ये ह्यांच्या पायाला फुरसं चावलं आणि सात दिवस दवाखान्यात काढले. तिथूनही हे मला म्हणत होते, "उरलेली साठ झाडं मोजून टाक, आठवडा उलटला तर हिशोब बिघडेल." पावसानंतर खोड भरलेलं असतं आणि उन्हाळ्यात उतरतं, म्हणून दर वर्षी तोच आठवडा पाळावा लागतो. ही शिस्त आम्हाला कुणी लावली नव्हती, पगार कुणी देत नव्हतं. आणि तुमच्या कागदावर ती 'त्रुटी' झाली.

तुमच्या राज्यात पेन्शनवरच्या जिवंत माणसाला दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. मी जिवंत आहे हे मी दर वर्षी सिद्ध करते. लावलेल्या झाडाचा हयातीचा दाखला कोण मागतं? 2017 ला 4 कोटी, 2018 ला 13 कोटी, 2019 ला 33 कोटी, अशी लागवडीची उद्दिष्टं याच महाराष्ट्राने जाहीर केली. त्यातलं आज कोणतं झाड कुठे उभं आहे, किती गोलाईचं आहे आणि गेलं असेल तर कशाने गेलं, हे झाडागणिक दाखवणारी वही कुठे आहे? देशाच्या वन अहवालात एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर दहा टक्क्यांहून जास्त सावली दिसली की ते वनाच्छादन धरतात, मग झाड कोणतंही असो आणि जागा कुणाचीही. त्या मोजमापाचा उपयोग आहे, मी नाकारत नाही. पण वरून दिसणाऱ्या सावलीवरून खालचं झाड वाढतंय की तग धरून आहे, हे कळत नाही. त्यासाठी कुणीतरी उन्हात खाली वाकावं लागतं, आणि वाकणाऱ्या माणसाला या व्यवस्थेत किंमत नाही. वनमजूर रोजंदारीवर, मोजणारा पोरगा कंत्राटावर, आणि स्क्रीनवरची चढती रेघ दाखवणाऱ्याला मंचावर खुर्ची.

ती चढती रेघ बघून आता आमच्या माळावर दाट लागवड सुचवली आहे. माळावर! शेजारी नान्नजला 1979 पासून माळढोक पक्ष्याचं अभयारण्य आहे. माळढोकाला उघडा गवताळ माळ लागतो. पवन्या, कुसळी, मारवेल ही गवतं इथली संपत्ती आहेत. जिल्ह्यात पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. पावसाळी जंगलाच्या आकड्यांवर घडवलेली सूत्रं इथे लावायची असतील, तर आधी इथल्या मेलेल्या झाडांसमोर ती उभी करा. माझी 97 झाडं संगणकातही वाळतात का ते बघा. वाळत नसतील तर तसं छापा आणि तोवर माळाला जेसीबी लावू नका.

वह्या रद्दीत गेल्या 'असतील' असं मला सांगितलं गेलं. असतील म्हणजे कुणी शोधलेलं नाही. शोधायला सांगा. निळ्या पुठ्ठ्याच्या नऊ वह्या, प्रत्येकीवर लाल शाईत साल, आतल्या पानावर सिद्धेश्वराचं नाव. एकीच्या मागच्या पानावर शेंगाचटणीचा तेलकट डाग आहे, कारण जेवताना ह्यांनी ती मांडीवर ठेवली होती. स्कॅन झालं असेल तर ते 412 झाडांचं पाठवा, 203 चं नको. आणि वह्या कुरिअरने पाठवू नका. मला निरोप द्या, मी येऊन घेऊन जाईन.

यंदाही दसऱ्यानंतरच्या आठवड्यात मी मोजायला जाणार आहे. 281 झाडं उभी असतील असं धरते, कमी भरली तर तेवढ्यांपुढे कारण लिहीन. मॉडेल करणाऱ्यांपैकी एकाला चार दिवस माझ्याबरोबर पाठवा. सकाळी साडेसहाला निघावं लागतं, डबा आणि पाणी आपापलं. जाड बुंध्याला टेप गुंडाळताना पलीकडून टोक धरायला एक माणूस लागतो.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर