गोल्फ नाही, चादर

प्रिय पश्या,

काय बे, पुण्याला गेलास ते गेलासच. फोनवर हात दुखतोय म्हणालो होतो ना, त्याचं पुढचं लिहितोय.

गड्ड्याच्या जत्रेला घर पाहुण्यांनी भरलेलं, सगळे गेले अन् आईने आठ चादरी भिजवल्या. आपली सोलापुरी चादर ओली झाली की काय होतं तुला माहितीय, म्हैसच उचलायची. एक टोक आईकडे एक माझ्याकडे, पिळ पिळ पिळल्या आणि दुसऱ्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूचं हाड असं ठणकायला लागलं की भरलेली बादली उचलवेना. गंमत बघ, मी फिजिओच्या फर्स्ट इयरला, आणि हेच हाड आठवडाभर घोकत होतो, मेडियल एपिकाँडाईल. मनगट वाकवणारे वरच्या थरातले स्नायू सगळे तिथंच अडकलेले, पिळताना तळहात पालथा करणारा प्रोनेटर टेरीस पण तिथलाच. राबतो पंजा आणि बोंब मारतं कोपर. याला म्हणतात गोल्फर्स एल्बो. आई म्हणाली, कसला गोल्फ रे, चादर म्हण.

आता एक कर. हात टेबलावर उताणा ठेव, मधलं बोट सोडून बाकीची बोटं दाबून धर, मग मधलं वाकव. मधल्या पेरात वाकेल पण टोक लुळं राहील, हलवून बघ. टोक वाकवणारा खोल थरातला स्नायू बाकीच्या बोटांबरोबर अडकून पडतो, वाकवतो तो त्याच्या वरचा. या वरच्याचा टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, बोटात शिरला की दोन फाटे होतात आणि खालचा त्या फटीतून पुढे टोकापर्यंत जातो, मागावर धोटा जातो ना तसा. डिसेक्शनला बघितलं तेव्हा मला बाबांचा जुना माग आठवला.

एवढं कळूनही व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, माती खाल्ली. कोपरासमोरच्या खळग्यात आतून बाहेर काय काय, तर मीडियन नर्व्ह, ब्रेकियल आर्टरी, बायसेप्सचा टेंडन. मी टेंडन आत टाकला. सर म्हणाले, बीपी बघताना स्टेथोस्कोप आर्टरी सोडून टेंडनवर ठेवणार का? सगळी बॅच हसली बे.

आणि कोपर आपटलं की करंट बसतो ती अल्नर नर्व्ह, त्याच हाडाच्या मागून जाते, म्हणून झिणझिण्या करंगळीपर्यंत.

बरं, अंगठा करंगळीला टेकव, मनगट जरा वाकव. मधोमध दोरी वर आली तर तुला पामारिस लाँगस नावाचा स्नायू आहे. काहींना नसतोच, अन् त्यावाचून काही अडत पण नाही. मला उजव्यात आहे, डाव्यात नाही. तुझ्या दोन्ही हातांचे फोटो पाठव, बॅचमधे मोजतोय आम्ही.

तुझा,
बाळ्या