पुन्हा एकदा आकडा

फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया
18 जानेवारी 2026

प्रिय पक्या,

तिळगूळ घे, गोड बोल. निदान हे पत्र वाचून संपेपर्यंत तरी.

दिवाळीपासून फोन नाही, तुझ्या तीन मेसेजना नुसता अंगठा दाखवून गप्प बसलो, सगळं मान्य. शिव्या साठवून ठेव, मार्चमध्ये येतोय तेव्हा तोंडावर घाल. आज लिहायला बसलो कारण परवा इथे जे झालं ते सांगावं असा तुझ्याशिवाय कोणी नाही. सुनीताला सांगितलं. ती म्हणाली, "मग देऊन टाका ना त्यांचे पैसे." तिच्यापुरता विषय संपला.

तब्येत बरी. साखर जरा वर आहे, गोळी चालू आहे.

तर परवा संध्याकाळी घरी आलो तर दारावर नोटीस. अपार्टमेंटच्या ऑफिसने चिकटवलेली, चारी कोपऱ्यांना टेप, जिन्यातून जाणाऱ्या-येणाऱ्याने वाचावी अशी. मजकूर असा की कारपोर्टच्या खांबावरचा प्लग पॉइंट सामायिक आहे, तो सफाईच्या यंत्रांसाठी आहे, आणि अमुक नंबरची गाडी त्यावरून विनापरवाना वीज घेते असं आढळलं आहे. विनापरवाना वीज! पक्या, त्रेपन्न वर्षांचा मी, मराठी मंडळाचा माजी खजिनदार, आणि माझ्यावर आकडा टाकल्याचा आळ. आळ तरी कसला म्हणू? दीड वर्ष रोज रात्री टाकतच होतो.

हसलास ना? मला माहीत होतं.

ही गाडी कशी आली ते तुला तुकड्यातुकड्यांत माहीत आहे. 2023 मध्ये नोकरी गेली. पुढच्या वर्षी सांता क्लाराची मिळाली, पगार कमी, जायला 18 मैल, यायला 18. तेव्हा इथलं सरकार वापरलेल्या प्लगवाल्या गाडीवरही चार हजार डॉलरपर्यंत सवलत देत होतं. अटी दोन मोठ्या. गाडी 25,000 च्या आत हवी, आणि नवरा-बायकोचं उत्पन्न मिळून दीड लाखाच्या आत हवं. दुसरी अट मी कसलेही कष्ट न घेता पूर्ण केली होती. 2021 ची टोयोटा प्रियस प्राइम घेतली, म्हणजे प्लग-इन हायब्रिड, प्लग लावून भरायची बॅटरीही आणि पेट्रोलचं इंजिनही. ती सवलतही आता गेली, गेल्या सप्टेंबरच्या 30 तारखेला बंद झाली. म्हणजे आयुष्यात एकदा तरी मी शेवटच्या एसटीत चढलो.

गाडी घेतली तेव्हा तू म्हणाला होतास, "धड बैल ना धड घोडा." वर तो युरोपियन कमिशनचा 2024 चा अहवाल पाठवलास, की रस्त्यावर धावणाऱ्या गाड्यांच्या आतल्या नोंदी तपासल्या तर प्लग-इन हायब्रिड कागदावरच्यापेक्षा साडेतीनपट धूर सोडतात. तेव्हा मी चिडलो होतो, आता चिडत नाही. कारण त्यात गाडीचा दोष थोडा आणि माणसाचा जास्त. तिकडे युरोपात कितीतरी गाड्या कंपनीने दिलेल्या. पेट्रोलचं बिल कंपनी भरणार, घरच्या विजेचं बिल स्वतः. कोण मरायला केबल लावेल? पिशवीतून न काढलेल्या केबलसकट गाड्या परत आल्याचे किस्से आहेत. तू असतास तर तूही काढली नसतीस.

आणि बैल-घोडा कशाला, पक्या, ही सरळसरळ आपली लूना आहे. पेट्रोल आहे तोवर गाडी, संपलं की सायकल. इथे नुसता क्रम उलटा. आधी बॅटरीवर 25 मैल, मग इंजिन. हरिपूरहून येताना पेट्रोल संपलं होतं तेव्हा ते भरायची पाळी तुझी होती, हे मी आजही सोडलेलं नाही. तू मागे बसून भडंग खात होतास आणि मी पेडल मारत होतो.

सकाळी निघतो तेव्हा गाडी मांजरासारखी निघते. ऑफिस गाठेपर्यंत पूर्ण विजेवर. येताना सात मैल वीज, मग कुठेतरी मिल्पिटासच्या आसपास इंजिन घुरघुरायला लागतं. पहिल्या महिन्यात मला त्या आवाजाचाच राग यायचा, जणू कोणी खिशात हात घातलाय. नंतर कळलं की तेव्हाही ती गॅलनला 54 मैल देते. वाईट काय त्यात? वाईट डिकी. बॅटरीमुळे तिचा तळ इतका वर आलाय की सासूबाईंची एक मोठी बॅग आणि लोणच्याचा खोका एवढ्यावर पूर्णविराम.

ऑफिसात चार्जर आहेत, पण तिथे वेगळीच तऱ्हा. माझी गाडी वीज घेते संथ, साडेतीन किलोवॅटसुद्धा नाही. पूर्ण विजेवरच्या गाड्यांचे मालक मागे ताटकळत. लग्नाच्या पंगतीत आपण अजून मठ्ठ्यावर असताना पुढच्या पंगतीचे लोक पाठीशी येऊन खुर्चीची पाठ धरतात ना, अगदी तसं. एकाने काचेवर चिठ्ठी लावली, 'तुझ्याकडे इंजिन आहे, माझ्याकडे नाही.' मुद्दा बरोबर होता. त्या दिवसापासून तिथे लावणं सोडलं आणि कारपोर्टच्या खांबाकडे वळलो. साधा 120 व्होल्टचा पॉइंट, साडेपाच तासांत बॅटरी भरते. रात्री लावायची, सकाळी काढायची. मला वाटलं भाड्यातच आहे. खरं सांगू? वाटलं नव्हतं. विचारलं नव्हतं.

आता हिशेब ऐक, तुला हिशेब आवडतात. 100 मैलांना हिला 25 युनिट लागतात. आमच्याकडे मध्यरात्रीनंतरची स्वस्त वीज 31 सेंटला युनिट, म्हणजे पावणेआठ डॉलर. तेच 100 मैल पेट्रोलवर, गॅलन 4 डॉलर 60 सेंटच्या भावाने, साडेआठ डॉलर. फरक किती? पाऊण डॉलर! संध्याकाळच्या महाग वेळेत प्लग लावला तर वीजच पेट्रोलच्या पुढे जाते. नव्या प्रियसमध्ये साधी, म्हणजे बिनप्लगची हायब्रिड, आणि प्लगवाली यांच्यात पाच हजारांच्या आसपास अंतर आहे. वर्षाला 10,000 मैल धर, वाचले 75 डॉलर. पाच हजार वसूल व्हायला सहासष्ट वर्षं. तेव्हा आपण एकशे एकोणीसचे असू आणि तू तरीही म्हणशील, मी सांगितलं होतं.

वर सिअ‍ॅटलला हाच हिशेब पार फिरतो. तिथे धरणांची वीज, दर आमच्या निम्म्याहून कमी. तिथल्या आपल्या दिल्याकडे तीच गाडी आहे, स्वतःचं गॅरेज, स्वतःचा मीटर, महिनोन्‌महिने पंपावर जात नाही. मला वर फोन करून सांगतो, "टाकीतलं पेट्रोल शिळं होईल अशी भीती वाटते रे." शिळं! श्रीमंतांची दुखणी बघ. म्हणून मला कोणी विचारलं की ही गाडी साध्या माणसाला परवडते का, तर मी गाडीबद्दल बोलतच नाही. विचारतो, रात्री गाडी जिथे उभी राहते तिथला प्लग कोणाचा? तुझा असेल आणि वीज स्वस्त असेल तर डोळे झाकून घे. भाड्याच्या घरात राहत असशील तर साधी हायब्रिड घे, झोप चांगली लागेल. हे सगळं मला आधी कळायला हवं होतं. पण मला फुकटची वीज मिळत होती, आणि फुकटात हिशेब नेहमीच जुळतो.

काल शनिवारी ऑफिस उघडं असतं. रात्रीच आकडेमोड केली होती. एका भरणीला दोन डॉलर, साधारण 360 रात्री, 720 डॉलर. चेक लिहिला, पोराला घेऊन गेलो. त्याला का नेलं विचारू नकोस, त्याला गाडी हवी होती म्हणून तो आपणहून आला. मॅनेजर म्हणजे विशी-पंचविशीतली मुलगी. तिने चेक दोनदा उलटापालटा केला आणि म्हणाली, हे जमा करायला माझ्याकडे खातंच नाही, फक्त केबल लावू नका. मी म्हटलं, घ्या हो. ती म्हणाली, नाही घेता येत. इथे कायदा आहे की भाडेकरूला स्वतःच्या खर्चाने चार्जर बसवून मागता येतो. ती म्हणे अर्ज द्या. पण खांबापर्यंत केबल, वेगळा मीटर, परवानगी, सगळं माझ्या खिशातून, आणि घर सोडलं की तो खांब त्यांचाच. दुसऱ्याच्या शेतात विहीर खणण्यातला प्रकार.

चेक खिशात घालून बाहेर आलो. पोरगा म्हणाला, "बाबा, म्हणजे आपण वीज चोरत होतो का?" मोडकंतोडकं मराठी त्याचं, पण हे वाक्य अगदी शुद्ध.

पक्या, तिथेच मला ती शेगडी दिसली. 1992 चा नोव्हेंबर, होस्टेल, सबमिशनची आदली रात्र. कॉइलची शेगडी, बोर्डात काडेपेटीच्या काड्यांनी खोचलेल्या उघड्या वायरी, अंड्याचा वास, आणि अख्ख्या विंगचा फ्यूज उडालेला. रेक्टर टॉर्च घेऊन दारात. "कोणाची?" शेगडी माझी होती. वायरी मी खोचल्या होत्या. तू लुंगी सावरत उठलास आणि म्हणालास, माझी. पंचाहत्तर रुपये दंड आणि तुझी खोली गेली. माझी स्कॉलरशिप वाचली. मी तेव्हा पुस्तकात बघत होतो, कोणतं तेसुद्धा आठवतंय, स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स. नंतर त्या विषयावर तूही बोलला नाहीस, मीही नाही. पेट्रोलच्या पाळीवरून तेहेतीस वर्षं भांडतोय आपण. ह्यावरून एकदाही नाही.

पोराला म्हटलं, हो, चोरत होतो. मग कारपोर्टच्या कट्ट्यावर बसून शेगडीची गोष्ट सांगितली, सगळी. त्याने विचारलं, "मग तू पक्याकाकाला पैसे दिलेस?"

असो. पिंकीचं ठरल्याचं वहिनींच्या स्टेटसवरून कळलं, तुझ्याकडून नाही, हे लक्षात ठेवलंय. मुलगा पुण्याचा ना? छान. तुझा गुडघा कसा आहे? फिजिओला टांग मारू नकोस. आणि तुझ्या नव्या गाडीचं म्हणशील, हायब्रिड घ्यावी की विजेची, तर तुझा प्रश्न सोपा आहे. आपल्या खिशाला झेपेल अशी प्लगवाली हायब्रिड तिकडे नाहीच. व्हिटारा, हायरायडर वगैरे हायब्रिडना प्लग नसतो, त्या आपापली वीज करून घेतात. पण त्या आकाराच्या हायब्रिडला जीएसटी 40 टक्के आणि विजेच्या गाडीला 5. विजेची घ्यायची तर आधी सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगमधल्या पॉइंटचा ठराव लेखी करून घे, सब-मीटरसकट. तोंडी नको. सेक्रेटरी बदलला की दारावर काय चिकटेल सांगता येत नाही.

आमची केबल डिकीत गुंडाळून ठेवली आहे. आता सासूबाईंची बॅगही बसत नाही.

मार्चच्या 9 तारखेला मुंबईत उतरतो, 11 ला सांगलीत. चेक फाडलेला नाही. पंचाहत्तर रुपयांचं तेहेतीस वर्षांचं व्याज तू काढून ठेव. चक्रवाढ लाव, मला चालेल.

तुझा,
बंड्या

ता. क. हरिपूरची पाळी तुझीच होती.