खाण्याच्या आजारात ताट आधी, समुपदेशन मागून

महोदय,

नवरात्र जवळ आलं की उपवासाचे पदार्थ आणि झटपट वजन उतरवण्याचे आहारतक्ते पुरवण्यांत शेजारी-शेजारी छापले जातात. ॲनोरेक्सिया, म्हणजे खाणं धोकादायकरीत्या तोडत नेणारा मानसिक आजार, जडलेल्या मुलींना (मुलांनाही, त्यांच्यात तो उशिरा लक्षात येतो) हे दिवस फार जड जातात. एरवी ज्या न जेवण्याची घरात काळजी असते, त्याचंच या दिवसांत कौतुक होतं.

आपल्याकडे यातल्या अनेक मुली ‘मी जाड दिसते’ असं म्हणतच नाहीत. ‘पोट फुगतं’, ‘दोन घासांत गच्च होतं’ एवढंच सांगतात. मग सोनोग्राफी, एन्डोस्कोपी, पित्ताच्या गोळ्या यांत महिने जातात. तक्रार खोटी नसते. उपासमारीत जठर रिकामं व्हायला खरोखरच वेळ लागतो, पण नियमित खाणं हाच त्यावरचा उपाय आहे. पाळी थांबली असेल, हातपाय गार पडत असतील, अंगावर बारीक लव आली असेल किंवा नाडी मिनिटाला ५०च्या खाली असेल, तर फिजिशियन आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघांनाही दाखवावं.

किशोरवयात सर्वांत भक्कम पुरावा आहे तो कुटुंबाधारित उपचारांचा. १९८०च्या दशकात लंडनच्या मॉड्स्ले रुग्णालयात ही पद्धत आकाराला आली. यात आईवडिलांना दोष देत नाहीत, त्यांच्या हाती ताट देतात. रोज तीन जेवणं, दोन-तीनदा मधलं खाणं, मध्ये तीन-चार तासांहून जास्त खंड नाही. वाढायचं मोठ्यांनी. जेवणाला साधारण अर्धा तास आणि नंतर तासभर सोबत, म्हणजे उलटी काढायला वाव राहत नाही. ‘पोळीला तेल किती लावलंस?’ या प्रश्नावर वाद घालू नये. ‘हे तुझं आजचं जेवण, मी इथेच बसले आहे’ एवढंच शांतपणे म्हणत राहावं.

हे बिघडतं ते बहुधा घरातल्या दुमतामुळे. आई पूर्ण ताट संपवायला बसवते आणि बाबा म्हणतात, ‘जाऊ दे गं, अर्धीच खाऊ दे.’ त्या अर्ध्या पोळीत आठवड्याची मेहनत जाते. आजी-आजोबांनाही आधी विश्वासात घ्यावं. ‘गाल भरले हो आता!’ हे त्यांचं प्रेमाचं वाक्य मुलीला पुन्हा उपाशी ठेवू शकतं. घरातला वजनकाटा काढून टाकावा. वजन दवाखान्यातच, हलक्या कपड्यांत आणि लघवीला जाऊन आल्यावर करावं, कारण आधी भरपूर पाणी पिऊन काटा वाढवून दाखवणं सर्रास चालतं. आठवड्याला अर्धा किलो वाढ पुरेशी आहे.

एका धोक्याबद्दल मात्र कळकळीने सांगायचं आहे. दहाएक दिवस जवळजवळ काहीच न खाल्लेल्या किंवा फार झपाट्याने वाळलेल्या मुलीला घरीच एकदम लाडू-शिऱ्याचा मारा करू नये. पिष्टमय अन्न पोटात जाताच इन्सुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं. त्यातून हृदयाचे ठोके बिघडून जीवही जाऊ शकतो. अशा वेळी आधी रक्ततपासणी आणि थायमिन (ब-१ जीवनसत्त्व), मग डॉक्टरांच्या देखरेखीत आहार वाढवत न्यायचा, आणि पहिला आठवडा-दहा दिवस रक्त पुन्हा पुन्हा तपासायचं. पावलं सुजली, धाप लागली किंवा बोलण्यात गोंधळ दिसला तर तडक रुग्णालय गाठावं.

प्रौढांसाठी, विशेषतः भरमसाट खाऊन उलटी काढणाऱ्यांसाठी, खाण्याच्या आजारांकरता बेतलेली वर्तन-बोधात्मक थेरपी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी उपचारपद्धती, सीबीटी) साधारण २० सत्रांची असते. तिची सुरुवातही वेळेवर खाण्यापासूनच होते, कारण दिवसभराचा उपास हाच रात्रीच्या अतिखाण्याला आमंत्रण देतो. उलटीनंतर लगेच दात घासू नयेत, आम्लाने मऊ झालेलं दंतकवच घासलं जातं. नुसत्या पाण्याने चूळ भरावी.

तज्ज्ञ जवळ नसेल तर सरकारच्या ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

आपल्याकडे मागणं एवढंच : वजन उतरवण्याचा तक्ता छापाल तेव्हा तो १८ वर्षांखालच्यांसाठी नाही, हे त्याच चौकटीत ठळक छापावं. आणि उपवासाच्या पानावर, आजाऱ्याला उपवासातून सूट असते, हेही लिहावं.

— खाण्याच्या आजारांवर काम करणारे समुपदेशक व आहारतज्ज्ञ, पुणे